तरुणपणीचा स्नेह व त्याचे जतन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुणमंडळापुढे केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस जो विषय नेमून दिला, तो ऐकून प्रथम थोडे हसू आले. मैत्री कशी जोडावी हे तरुणांस म्हाताऱ्यांनी शिकवावे, हा व्यवहारच उलटा होय. मित्र जोडण्याची हातोटी तुमच्या वयात उपजतच असते. आमच्या वयात जे उरतात ते बहुधा शेजारी आणि सोयरे. परंतु विचार करता ध्यानात आले की, मैत्री जोडण्याविषयी आम्हांस अधिकारवाणीने बोलता येत नसले, तरी जोडलेली मैत्री हातची कशी निसटते, याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस पुरेपूर आहे. त्या अधिकाराचा दाखला भाषणाच्या शेवटी सादर करू.

तत्पूर्वी तुम्हांस एका खोलीत घेऊन जातो. ही खोली पॅरिस शहरातील सेंत बार्ब नामक विद्यालयात होती, आणि साल होते १५२९. त्या खोलीत आपल्या एका गुरुजींच्या देखरेखीखाली दोन विद्यार्थी राहत असत. एकाचे नाव पीटर फाबर, दुसऱ्याचे फ्रान्सिस झेवियर. दोघेही पुढे संतपदास पोहोचले; परंतु त्या वेळी ते तेवीस वर्षांचे विद्यार्थीच होते, म्हणून येथे त्यांचा एकेरी उल्लेख घडेल, त्याची क्षमा असावी. दोघांचा जन्म १५०६ सालच्या एप्रिल महिन्यात, अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने झालेला. वयाची ही जुळणी सोडली तर बाकी सर्व विजोड. फाबर हा सॅव्हॉय प्रांतातील डोंगराळ खेड्यात जन्मला, लहानपणी मेंढरे राखी, आणि शाळेत घाला म्हणून त्याने घरी रडून आकांत केला होता. झेवियर हा नवारा देशातील एका सरदाराचा धाकटा मुलगा, गढीत वाढलेला, धावण्याउडण्यात पुढे, आणि मोठेपणाची हौस असलेला. तरीही या दोघांचे बरे जमले होते. फाबरचा स्वभाव शांत, किंचित भिडस्त. त्याचे कोणाशी जमले नाही असे फारसे झालेच नाही.

त्या वर्षी शरद ऋतूत या खोलीत तिसरा माणूस आला. वय अडतीस वर्षे. डोक्यावरचे केस विरळ, पाय लंगडा, अंगावर साधे कपडे, खर्चापुरता पैसा दानशूर लोकांकडून मागून आणलेला. हे इग्नेशियस लोयोला. ते वयाने वडील, म्हणून त्यांस मात्र अहो-जाहो केलेले बरे. तेहतिसाव्या वर्षी बार्सेलोना शहरी पोरांच्या बाकावर बसून ते लॅटिन शिकले होते. आता तत्त्वज्ञानाच्या वर्गास आले. गुरुजींनी फाबरला सांगितले, ‘यांस आरिस्टॉटल कठीण जातो, तू यांची उजळणी घे.’

तुमच्यापैकी पुष्कळांना येथवरची गोष्ट ठाऊक असेल. परंतु त्या खोलीत झेवियरच्या मनात काय चालले असेल, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. इग्नेशियस यांचा पाय कशाने मोडला? १५२१ साली पाम्प्लोना येथील किल्ल्याचे रक्षण करताना तोफेचा गोळा लागून. ते लढत होते कास्तीलच्या राजाच्या बाजूने. आणि त्याच युद्धात झेवियरचे थोरले बंधू विरुद्ध पक्षात होते. ते नवाराच्या पदच्युत राजघराण्यासाठी लढत होते. त्याआधी, १५१६ साली, कास्तीलच्या हुकमावरून झेवियरच्या गढीचे तट-बुरूज पाडले गेले. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आपले बुरूज पडताना त्या वयाचे मूल पाहते, ते विसरत नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावरून दोन घरांत एकदा भांडण झाले की नातवंडेही एकमेकांच्या मांडवात पाऊल टाकीत नाहीत. येथे तर राज्य गेले होते. आणि आता त्याच शत्रुपक्षाचा एक लंगडा, गरीब, उतारवयाकडे झुकलेला गृहस्थ आपल्याच खोलीत अंथरूण घालून आहे.

झेवियरने त्यांस जवळ केले नाही. तो त्यांची थट्टा करी, असे चरित्रकार सांगतात. इग्नेशियस यांचे चिटणीस पोलांको यांच्यापासून एक आठवण चालत आलेली आहे, ती अशी की, आपण जन्मात जी कणीक मळली तीत सर्वांत घट्ट हीच, असे इग्नेशियस झेवियरविषयी म्हणत. ज्या भगिनी पहाटे उठून भाकरीचे पीठ मळतात त्यांस या उपमेचा अर्थ सांगावयास नको. घट्ट कणीक बुक्कीने सैल होत नाही. पाण्याचा हात लावून, थोडे थांबून, पुन्हा मळावी लागते.

इग्नेशियस यांनी केले ते काय? आमच्या समजुतीप्रमाणे त्यांनी वाद घातला नाही, हीच त्यांची मोठी गोष्ट. १५३० साली झेवियर पदवीधर झाला व तत्त्वज्ञान शिकवू लागला. नव्या शिक्षकाला विद्यार्थी हवे असतात. इग्नेशियस यांनी ठिकठिकाणी शब्द टाकून त्याच्या वर्गास विद्यार्थी आणून दिले. त्याच्या घरून येणारे पैसे तुटपुंजे; हात आखडला की इग्नेशियस, जे स्वतः मागून आणीत, ते त्यांतले त्यास देत. उपदेश असेलही, परंतु तो मागून. असे तीन-चार वर्षे चालले. पुढे १५३३ साली फाबर काही महिने आपल्या गावी गेला असताना, ती खोली या दोघांच्याच वाट्यास आली, आणि फाबर परत आला तो झेवियर निराळाच माणूस झालेला होता. त्या महिन्यांत दोघांत काय बोलणे झाले ते कोणीच लिहून ठेवले नाही. ते तसेच राहिले हे आम्हांस बरे वाटते.

तीन-चार वर्षे! हा आकडा तुम्ही लक्षात घ्यावा म्हणून दोनदा सांगतो. हल्ली एका दिवसात मैत्री होते, कारण दोघांस एकच खेळ आवडतो, एकच गाणे आवडते, किंवा दोघांस एकाच तिसऱ्या माणसाचा तिटकारा असतो. अशा मैत्रीस आम्ही खोटी म्हणत नाही. परंतु ती आरशाशी केलेली मैत्री असते. आपणच आपल्यास आवडतो, एवढाच तिचा अर्थ. फाबर, झेवियर व इग्नेशियस यांस एकमेकांनी निवडलेले नव्हते. विद्यालयाने त्यांस एका खोलीत ठेवले. तुमचेही पुष्कळ उत्तम मित्र असेच, कोणीतरी शेजारी बसवून दिलेले असतील: बोर्डिंगातला पलंगाशेजारचा मुलगा, गायनवृंदात डाव्या हातास उभी राहणारी मुलगी, सणाच्या तयारीत एकाच कामाला जुंपलेले दोघे. ‘याचे माझे जमावयाचे नाही’ असे पहिल्या आठवड्यात ठरवून मोकळे होऊ नये, एवढीच आमची विनंती.

मार्च १५३५ मध्ये झेवियरने आपल्या थोरल्या भावास एक पत्र लिहिले. भावाच्या कानी इग्नेशियस यांच्याविषयी भलतेसलते गेले होते. त्यावर झेवियरने लिहिले की, या माणसाचे ऋण माझ्याने जन्मात फिटणार नाही. यांनी मला अडचणीत पैसा दिला, मित्र दिले, आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या वाईट संगतीतून मला दूर ठेवले. आणि मौज अशी की, ते पत्र घेऊन गेले स्वतः इग्नेशियसच. मित्राची निंदा झाली असता गप्प बसणे सोपे असते; विशेषतः निंदा करणारे आपल्या घरचे असले म्हणजे. झेवियर गप्प बसला नाही.

हळूहळू तिघांचे सात झाले. १५३४ सालच्या १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, मोंमार्त्र टेकडीवरील प्रार्थनामंदिरात त्यांनी एकत्र व्रत घेतले. त्यांत गुरुदीक्षा झालेला एकटा फाबर होता. मिस्सा त्यानेच केली. येशूसंघाचा उगम आपण त्या दिवसापाशी धरतो. तो इतिहास मोठा आहे, त्यात आज शिरत नाही. आमचे लक्ष एका लहानशा गोष्टीकडे आहे. त्या सातांपैकी लायनेझ यांनी १५४७ साली त्या दिवसांची हकीकत लिहिली. तीत ते सांगतात की, आम्ही सर्व एका घरात राहत नव्हतो. म्हणून काही दिवसांनी आपापल्या जेवणाचा वाटा हाती घेऊन एकाच्या बिऱ्हाडी जमत असू, मग पुढे दुसऱ्याच्या. यजमानावर भार नाही, पाहुण्यास संकोच नाही. आम्ही एकमेकांस धरून राहिलो ते पुष्कळसे यामुळे, असा त्यांचा अभिप्राय आहे. मैत्री टिकवण्याचे याहून स्वस्त साधन आमच्या पाहण्यात नाही. आपल्या तरुणमंडळाने वर्गणीची मोठमोठी भोजने करण्याऐवजी हा पॅरिसचा रिवाज उचलावा. डबे घरून आणावे. (खजिनदारांनी टाळी वाजवलेली आम्ही ऐकली!)

पुढच्या वर्षी इग्नेशियस प्रकृतीच्या कारणाने स्पेनला गेले. तेव्हा ही मंडळी विखुरली नाही, उलट आणखी तिघे येऊन मिळाले. त्यांस धरून ठेवणारा होता फाबर, तोच भिडस्त मेंढपाळ. प्रत्येक मित्रमंडळात एक बोलका असतो, एक धाडसी असतो, आणि एक असा असतो की जो नसला म्हणजे बाकीचे एकमेकांकडे जावयाचे थांबतात. हा तिसरा बहुधा फोटोत कडेला उभा असतो. तो तुमच्या मंडळात कोण, हे आज घरी जाताना ओळखून ठेवा.

आमच्या भगिनी मनात म्हणत असतील की, सर्व दाखले पुरुषांचेच. त्यांची तक्रार न्याय्य आहे. तर कार्थेज शहरात २०३ साली रक्तसाक्षी झालेल्या पर्पेतुआ व फेलिसिती यांजकडे पाहा. पर्पेतुआ बावीस वर्षांची, कुलीन घरातली, शिकलेली. तिने तुरुंगात स्वहस्ते लिहिलेली हकीकत आजही वाचावयास मिळते. फेलिसिती दासी. बाहेरच्या जगात एकीने हुकूम करावयाचा व दुसरीने तो झेलावयाचा, असा दोघींच्या दर्जांतला संबंध. परंतु आखाड्यात पिसाळलेल्या गायीने दोघींस उडवून पाडले, तेव्हा पर्पेतुआ आपण उठली, फेलिसितीजवळ गेली, आणि हात देऊन तिला उभी केली. अठराशेहून अधिक वर्षे झाली, त्या दोघींची नावे एका दमात घेतली जातात. मिस्सेतील प्रथम कृतज्ञता-प्रार्थनेतही ती जोडीनेच येतात.

आता जतनाकडे वळतो. जोडण्यापेक्षा हे काम कठीण, कारण त्यात उत्साह नसतो.

मार्च १५४० मध्ये झेवियर रोमहून निघाला. हिंदुस्थानास जावयाचे होते दुसऱ्याच एका सोबत्याने. तो आजारी पडला, म्हणून ऐनवेळी झेवियरचे नाव आले. निघण्यास फुरसत ती कितीशी मिळाली! इग्नेशियस व तो पुन्हा भेटले नाहीत. १५४१ च्या ७ एप्रिलला, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, तो लिस्बनहून गलबतात चढला. ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला. येथून रोमला पत्र लिहावे तर ते वर्षातून एकदा सुटणाऱ्या ताफ्याबरोबर जावयाचे, आणि त्याचे उत्तर हाती पडण्यास दोन-दोन, तीन-तीन वर्षे लागावयाची. गलबत बुडाले तर तेही नाही. अशा स्थितीत मैत्री कशी राहते? १५४६ च्या मे महिन्यात, मोलुक्काकडील अंबोईना बेटावरून युरोपातील सोबत्यांस लिहिताना, झेवियर कळवतो की, तुमच्या पत्रांतून तुम्ही स्वहस्ते लिहिलेली नावे मी कापून घेतली आहेत, आणि ती माझ्या व्रताच्या कागदासह मी सदैव अंगावर वागवतो. इग्नेशियस यांस तो गुडघे टेकून पत्र लिही, हेही त्याने स्वतः नमूद केले आहे.

ती कात्रणे केवढी असतील? बोटाच्या पेराएवढी. आज तुमच्या खिशातील यंत्रात पाचशे-सहाशे नावे सहज मावतात, आणि बोट लावताच मित्राचा आवाज ऐकू येतो. आम्ही त्या यंत्रास नावे ठेवीत नाही. आमची नातवंडे त्यावरच आमची विचारपूस करतात. फक्त एवढेच विचारतो की, त्या सहाशेंपैकी किती नावे तुम्ही कात्रीने कापून गळ्यात बांधाल? ती आठ-दहा निघाली तर पुष्कळ झाली. झेवियरपाशीही त्याहून फार नसावीत.

मित्र दूर असताना त्याच्यासाठी काही करता येते काय, याचेही उत्तर आपल्या ओळखीच्या एका पुरुषाने देऊन ठेवले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी ख्रिस्ती माणसास सांगावयास नको. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील ओव्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी ऐकल्या. परंतु हे स्टीफन्स तरुणपणी इंग्लंडात असताना त्यांस थॉमस पाउंड नावाचा मित्र होता, हे थोड्यांस ठाऊक असेल. पाउंड एके काळी राणी एलिझाबेथच्या दरबारातला मानकरी. पुढे दरबार सोडून तो धर्माकडे वळला. तेथे त्या वेळी कॅथलिकांचा छळ चाललेला. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश मागावयाचे ठरवले. निघण्याच्या सुमारास पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटे पोहोचले, व १५७५ साली संघात दाखल झाले. येथे एखाद्याने म्हटले असते, ‘माझे नशीब बरे, त्याचे वाईट.’ स्टीफन्स यांनी तसे म्हटले नाही. १५७८ साली त्यांनी संघाच्या वरिष्ठांकडे तुरुंगातील मित्रासाठी अर्ज केला, त्याचे सर्व गुणवर्णन लिहून दिले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाउंडला पत्राद्वारे संघात घेतल्याची मंजुरी मिळवली. तदनंतर एप्रिल १५७९ मध्ये ते गलबतात बसले आणि ऑक्टोबरात गोव्यास आले. पाउंडचा सुमारे तीस वर्षांचा काळ एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात गेला. स्टीफन्स चाळीस वर्षे इकडेच राहिले आणि १६१९ साली येथेच निवर्तले. परंतु दोघांनी मिळून जे मागावयाचे ठरवले होते ते दोघांसही मिळाले होते. एकास दारातून, दुसऱ्यास कोठडीच्या गजांतून.

एक पत्र मात्र उशिरा निघाले. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी रोमहून झेवियरला लिहिले की, तू आता परत ये. झेवियर आदल्या वर्षीच्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळील सांच्यान बेटावर मरण पावला होता. सात महिने होत आले तरी रोमला वार्ता नव्हती. ते पत्र लिहिणाऱ्याचा हात, ते कोणास लिहीत आहे हे न जाणता, कागदावर फिरत होता. तो विलंब समुद्राचा होता, त्याचा दोष कोणास देता येत नाही.

आमचा विलंब निराळ्या जातीचा. आता तो दाखला सादर करतो.

आम्ही मिशनच्या बोर्डिंगात असताना आमच्या शेजारी एक मुलगा झोपत असे. त्याची आई तो लहान असतानाच वारली होती. सुट्टीत तो आमच्या घरी येई, आणि आमची आई चुलीवरची पहिली भाकरी आमच्या ताटात न टाकता त्याच्या ताटात टाकी. यावरून आम्ही एकदा रुसलोही होतो. शिक्षण आटोपल्यावर त्यास रेल्वेत नोकरी लागली व तो दूर गेला. त्याने पत्र धाडले. आमची परीक्षा होती, म्हणून उत्तर राहिले. दुसरे पत्र आले. त्यात आईची खुशाली विचारली होती. तेव्हा आम्ही नोकरीच्या शोधात होतो. बरी बातमी झाली म्हणजे लिहू, असे म्हटले. मग सहा महिने झाले, आणि इतक्या उशिरा काय लिहावे, याची लाज वाटू लागली. मित्रहो, ही लाज फार विचित्र असते. ती दर महिन्यास व्याज लावते. एका वर्षाने साधे चार ओळींचे पत्र लिहिणे आम्हांस डोंगर चढण्यासारखे वाटू लागले. भांडण नाही, तंटा नाही. केवळ एका न लिहिलेल्या पत्रामुळे नऊ वर्षे गेली.

नवव्या वर्षी मंदिराच्या सणास गर्दीत तो समोर आला. आम्ही कोणीकडे पाहावे हे सुचेना. त्याने कसलीच तक्रार केली नाही. खांद्यावर हात ठेवून पहिला प्रश्न विचारला तो हा: ‘अरे, आई कशी आहे?’

आमची आई वारून तेव्हा चार वर्षे झाली होती.

त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि त्या गर्दीत, फुगेवाले ओरडत असता, तो काही वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, ‘मला कळवलं असतंस, तर तिच्यासाठी एक मिस्सा तरी मागितली असती.’ याहून अधिक तो तेव्हा बोलला नाही, आणि पुढेही कधी बोललेला नाही. ज्या बाईने त्यास पहिली भाकरी वाढली तिच्यासाठी दुःख करण्याचा त्याचा हक्क होता. तो आम्ही चार वर्षे स्वतःपाशी दाबून ठेवला होता, आणि तोही आळसाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मिस्सेस गेलो. तेव्हापासून महिन्यास एक पत्र असा नेम आम्ही धरला. कधी दोनच ओळी, हवापाण्याच्या. आता डोळे अधू झाल्याने पत्राच्या जागी फोन आला आहे, आणि बोलणे बहुतेक गुडघ्यांविषयी असते. तो गृहस्थ आज या मांडवात डाव्या बाजूस तिसऱ्या रांगेत बसला आहे. आपले नाव घेऊ नये अशी त्याची सक्त ताकीद असल्याने ते घेत नाही. भाषण लांबवून मंडळींचे जेवण थंड करू नये, अशीही त्याची दुसरी ताकीद आहे, आणि तो मघापासून घड्याळाकडे बोट दाखवीत आहे.